स्टोव्हचा धूर

“सिगारेटी किती ओढायचास?” नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या ऑफिसात जो तो विचारायचा. “आयुष्यात एकही नाही,” हे सांगून सांगून जयेश थकला होता. थंडीचा म्हणून सहा महिने अंगावर काढलेला खोकला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला होता, तोही शेवटच्या टप्प्यातला.

रविवारी पुण्याहून आईचा फोन आला. “लहानपणी तुला मांडीवर घेऊन रॉकेलच्या स्टोव्हवर स्वयंपाक करायचे रे मी. तो धूर तर नाही ना बाधला तुला?” बोलता बोलता तिला रडू फुटलं.

“नाही गं आई,” जयेश म्हणाला. “इकडे आल्यापासून सिगारेटी ओढायला लागलोय मी.”

आईचा आवाज हळूहळू सावरला.



“मग आजच्या आज सोड बघू. होशील बरा.”