दोन्ही हातांनी

वैदेहीच्या पहिल्या वाढदिवसाला हॉलमध्ये दाखवायची फिल्म पियुष परभणीत घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ जोडून तयार करत होता. पेडगावहून आईने काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरकडे मोबाईलचं मेमरी कार्ड पाठवलं होतं. तिला म्हणे गर्दी सोसत नव्हती, म्हणून नातीला आशीर्वाद व्हिडिओवरच. सॉफ्टवेअरमध्ये तिचा आवाज स्वच्छ आला, "मी लय मजेत हाय," पण चित्र काळंच. पियुषने तडक फोन लावला. "एका हातानं धरलास ना मोबाईल? बोट आलंय कॅमेऱ्यावर! दोन्ही हातांनी धर म्हणून कितीदा सांगायचं? परत काढ!" "चुकलं बाबा," आई म्हणाली. बायको पाळण्याजवळून बोलली, "बोट असतं तर जरा लालसर दिसलं असतं. हे तर काळंकुट्ट आहे." त्याने फाईल तपासली. जागा वाचावी म्हणून आईच्या कॅमेऱ्याची सेटिंग त्यानेच बदलून दिली होती, आणि तो फॉरमॅट त्याच्या जुन्या सॉफ्टवेअरला वाचताच येत नव्हता. त्याने फाईल साध्या फॉरमॅटमध्ये बदलून घेतली. चित्र आलं. आई ओसरीवर, उजव्या हाताने मोबाईल समोर धरून, अगदी मधोमध. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, पियुषच्याच जुन्या मफलरने गळ्यात बांधलेला. मजेत हाय म्हणताना ती तो हात पदराआड घेऊ पाहत होती, पण पदर सारखा घसरत होता. पियुषने आईला फोन करायला मोबाईल उचलला. तेवढ्यात फोन वाजला. "लेकरा, शेजारच्या सविताला बोलावलंय. ती धरती दोन्ही हातांनी. आता तरी नीट येईल न्हवं?"