उशिरा दाबलेला ब्रेक

“चाचा, हेच बसवा. रेसचे आहेत,” म्हणत मृदुलाने ब्रेक पॅडचा डबा पुढे केला. गेल्या रविवारी ट्रॅकवर पाचव्या फेरीत तिच्या गाडीचं ब्रेक पेडल अचानक मऊ पडलं होतं आणि गाडी वळण सोडून मातीत घुसली होती.

दस्तगीरचाचांनी पॅड बसवले आणि गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात तिला गाडी चालवायला लावली. “त्या दगडापाशी थांबवा.” तिने जोर लावून ब्रेक दाबला, तरी गाडी दगडाच्या बरीच पुढे जाऊन थांबली.

“हे पॅड तापल्याशिवाय पकडत नाहीत, ताई. रोज सकाळी ह्याच गाडीनं ऑफिसला जाता ना? रस्त्यावर माणसं असतात.” मग त्यांनी जुनं ब्रेक ऑइल बाटलीत काढून दाखवलं. ते काळपट झालं होतं. “खरा दोष ह्याचा. पाणी मुरलंय ह्यात. तापलं की उकळतं, मग पेडल मऊ पडतं.”

त्यांनी जास्त उष्णता सोसणारं ऑइल भरलं आणि रस्ता, ट्रॅक दोन्हीकडे चालतील असे पॅड घातले.

रविवारी मृदुला त्यांना आग्रहाने ट्रॅकवर घेऊन गेली. बारा फेऱ्या झाल्या, तरी पेडल कडकच होतं. उतरताच ती म्हणाली, “चाचा, तुमच्या हाताला तोड नाही.”

चाचा अजून वळणाकडेच बघत होते. “तिथं किती उशिरा ब्रेक दाबलात तुम्ही! चाळीस वर्षं ब्रेक बसवतोय, ताई. माझ्या कामावर एवढा भरवसा ठेवणारं माणूस आज पहिल्यांदा बघितलं.”