प्रमिलाचे कान

प्रमिलाने डोळे मिटून घेतले. तसा नियमच होता. नवऱ्याने अँप्लिफायरमधला तापलेला काचेचा व्हॉल्व्ह फडक्याने धरून काढला, जुन्या बाजारातून आणलेला दुसरा बसवला आणि तीच भूपाची रेकॉर्ड पुन्हा सुरुवातीपासून लावली.

"सांग, आवाज कुठल्याचा गोड? पहिला की दुसरा?"

दर रविवारी हाच प्रश्न. लग्नानंतर त्याने पहिल्यांदा विचारलं तेव्हा गॅसवर दूध होतं, म्हणून ती घाईघाईने "दुसरा" म्हणाली होती. तो इतका हरखला, की तेव्हापासून तीस वर्षं तिला विचारल्याशिवाय त्याने एकही व्हॉल्व्ह बदलला नव्हता. तिला मात्र सगळे सारखेच वाटत आले होते. आज हे एकदाचं सांगून मोकळं व्हायचं, असं तिने सकाळीच ठरवलं होतं.

"अहो, मला जरा बोलायचंय."

"आधी माझं ऐक," तो तिच्याशेजारी बसत म्हणाला. "काल कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. बारीक आवाज मला आता येतच नाहीत म्हणे. मी त्यांना म्हटलं, मला कसली काळजी? घरात हिचे कान आहेत."

ओठांवर आलेलं तिने गिळून टाकलं आणि डोळे आणखी घट्ट मिटले.

"पहिला परत लावा बरं. नीट ऐकते."

"असं म्हणतेस? मग आज सगळेच लावून बघू!"

पलंगाखालून भला मोठा खोका ओढल्याचा आवाज मात्र तिला अगदी स्वच्छ ऐकू आला.