पाणी सोडण्याचा परवाना

जुन्या पेट्रोलपंपाखालची जमीन तेल पिऊन बसली होती. तिथलं पाणी उपसून, शुद्ध करून नाल्यात सोडायचं होतं, पण परवाना मिळेना. शुद्ध केलेल्या पाण्याची टाकी काठोकाठ भरली; आज सही झाली नाही, तर उपसा बंद आणि तेल थेट वस्तीच्या विहिरीत. इंजिनीअरबाई नमुन्याची बाटली घेऊन कचेरीत धडकल्या. “पाणी शुद्ध कशावरून?” साहेबांनी विचारलं. “अहवाल जोडलाय.” “कागदावर काय, माझा मेव्हणाही सज्जन आहे!” बाईंनी झाकण काढलं आणि अर्धी बाटली घटाघटा रिचवली. साहेब मिनिटभर बघत राहिले. बाई पडल्या नाहीत. उलट तोंड पुसून त्यांनी पेन पुढे केलं. साहेबांनी कपाळावर हात मारला. “घोळ घातलात, ताई! हे पिण्याचं पाणी निघालं. ते नाल्यात सोडायला सक्त मनाई!” “मग आता?” साहेब कुजबुजले, “चवीपुरती घाण मिसळा. लगेच सही करतो.”