घरी सांगायचं नाही

“सोमवारपासून आर्यनला आणणार नाही,” त्याची आई मालन म्हणाली. “गावाला ठेवतोय त्याला. मोठ्या दिरांकडे, खटावला.”

मंजुळाबाई नुकत्याच जिना चढून आल्या होत्या. घाम पुसायचाही राहिला. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली, दोन्हीकडच्या शाळांनी विशेष मुलांसाठी मिळून केंद्रं चालवली होती आणि त्या सगळ्या केंद्रांच्या त्या प्रमुख होत्या. निम्मा जन्म घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गेला, असं त्या स्वतःच सांगत. आज मात्र कल्याणची मीटिंग चक्क बुडवून त्या कोलशेतच्या केंद्रावर आल्या होत्या, फक्त आर्यनचा आवाज ऐकायला. सात वर्षांचा हा मुलगा हल्ली ‘आई’ म्हणायला लागला होता. आणि त्याच्या आईलाच ते ठाऊक नव्हतं.

नियम बाईंचाच होता. मुलानं केंद्रात एखादी गोष्ट पहिल्यांदा केली, तर घरी सांगायचं नाही. घरी करेल तेव्हा आईबापांना वाटू दे, की आपणच पहिल्यांदा पाहिलं. यामागे बाईंचं स्वतःचं एक दुखणं होतं. त्यांचा सम्यक पहिलं पाऊल टाकत होता तेव्हा त्या शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होत्या, आणि पाळणाघरातल्या तुळसाबाईंनी ती बातमी शाळेच्या ऑफिसात फोन करून दिली होती. सम्यक आता दाढी राखून बंगळुरूला नोकरी करतो. पण ते पाऊल त्याच्या आईला अजून हवं आहे. म्हणून केंद्रातल्या शिक्षिका, आनंद पोटात मावत नसला तरी, तोंडाला कुलूप लावून बसत.

“अहो, पण असं मध्येच...” आर्यनची शिक्षिका निशा म्हणाली आणि बाईंकडे बघत राहिली.

“मध्येच कुठे? दोन वर्षं झाली, मॅडम.” मालननं खांद्यावरची पिशवी सावरली. ती वागळे इस्टेटला पॅकिंगच्या कामाला जायची. “रोज ह्याला इथे सोडायचं, मग तिकडे लेट झाला म्हणून बोलणी खायची. ते पण खाल्लं असतं. पण एकदा तरी आई म्हणाला पाहिजे ना? शेजारची पोरं आई आई करून डोकं उठवतात, आणि मी दारात उभी राहून त्यांचंच ऐकत बसते. आता मन मारलं मी.”

आर्यन आत बाकावर मणी ओवत होता. आई अजून दारात आहे ना, हे मधूनमधून बघत होता.

“महिनाभर थांबा,” बाई म्हणाल्या.

“महिनाभरात काय होणारे?”

बाई पेचात पडल्या. सांगावं, तर मालननं इतकी वर्षं आस लावून धरलेला शब्द तिला परक्याच्या तोंडून कळणार. न सांगावं, तर पोरगं खटावला जाणार आणि उमललेला शब्द तिथे सुकून जाणार. त्यांना स्वतःच्या नियमाचा पहिल्यांदाच राग आला.

“आर्यन ‘आई’ म्हणतो,” त्या एकदम बोलून गेल्या. “आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही स्वतः ऐकावं म्हणून.”

मालन खाली पायरीवरच बसली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही.

“कधी म्हणतो?” तिनं विचारलं.

“तुम्ही सोडून गेलात की,” निशा आता भरभरून सांगायला लागली. “तो पळत खिडकीशी जातो. तुम्ही फाटकाकडे चाललेल्या दिसता ना तिथून. मग म्हणतो. कधी तर दोन-तीनदा म्हणतो!”

“मला कसं नाही आलं ऐकायला?”

“आवाज अजून बारीक आहे त्याचा. आणि मुलं रडू नयेत म्हणून मागे वळून बघू नका, असं आम्हीच तुम्हाला सांगितलेलं.”

“मग तो म्हणाला की तुम्ही काय करता?”

“सगळे मिळून टाळ्या वाजवतो. शाबासकी म्हणून.”

“फक्त घरी का म्हणत नाही, तेच कोडं आहे,” बाई म्हणाल्या.

“त्यात काय कोडं?” मालननं मान वर केली. “घरी मी त्याच्यासमोरच असते. तो शब्द नाही बोलत, मॅडम. मला हाक मारतोय. इतके दिवस पोर मला हाक मारतंय, आणि तुम्ही टाळ्या वाजवताय?”

बाईंच्या मनात आलं, दोन्ही शहरांतल्या केंद्रांवर आपण आजवर अशा किती हाका कौतुकानं ऐकून घेतल्या असतील. त्यांना फार लाज वाटली.

मालन उठली. पदर खोचला आणि रोजच्यासारखी तरातरा जिना उतरून गेली. आर्यननं मणी टाकले, खिडकीशी पळाला आणि गजांना नाक लावून उभा राहिला. आई अंगणातून फाटकाकडे चालली होती.

“आई,” तो म्हणाला.

निशाचे हात सवयीनं वर आले. बाईंनी ते धरून ठेवले.

“आई,” तो पुन्हा म्हणाला, थोडं मोठ्यानं.

फाटकाशी मालन थांबली, मागे वळली आणि तिनं भर अंगणातून ओ दिली.