कानांची पेन्शन

मालनने खांद्याला हात लावला तेव्हा शिवा वळला. तिने त्याच्या पागोट्याकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. एवढं नटून कुठे?

“कारखान्यात,” शिवा म्हणाला. “परत कामावर घ्या म्हणून सांगायला.”

मालनने कपाळावर हात मारला.

१८९१च्या शिमग्यात सरकारी कारखान्यातला एक बॉयलर फुटला आणि शिवाचे दोन्ही कान गेले. सरकारने त्याला पेन्शन दिली. त्याला तीन वर्षं झाली. माझगावच्या चाळीतल्या त्या एका खोलीत तेव्हापासून मालन हातांनी बोलू लागली. मासळी आणली की पंजाची शेपटी करून हलवायची. रस्त्यात मागून घोड्यांची ट्राम आली की त्याचं कोपर धरून बाजूला ओढायची, आणि ट्राम गेली तरी कोपर सोडायची नाही.

शेजारची रखमा दारात उभी होती. “सरकार घरबसल्या देतंय, मग हे कशाला जातायत?”

“करमत नाय त्यांना.” मालन त्याच्याकडे पाठ करून भाकरी बांधत होती. “पण परत तसंच काय झालं तर मी काय करू गं?”

ती वळली तेव्हा हसत होती. शिवाने तिच्या हातातून भाकरी घेतली.

“बॉयलर सगळे नवे आलेत म्हणे,” तो म्हणाला आणि जिना उतरला.

कारखान्याच्या कचेरीत रमाकांत नावाचा जुना कारकून होता. शिवाला पाहून तो उठला, त्याला बाकावर बसवलं आणि लिहून विचारायला पाटी शोधू लागला.

“पाटी राहू द्या, रमाकांतराव. बोला तुम्ही.”

रमाकांत थांबला. मग अगदी हळू म्हणाला, “ऐकू येतंय तुला?”

“आधी एका कानाने आलं. पंधरा दिवसांपासून दोन्ही. आता बहिऱ्याची पेन्शन घेववत नाही. कामावर घ्या.”

रमाकांतने दौत पुढे ओढली. “साहेबांना आजच लिहितो. घरी आनंद झाला असेल.”

“घरी ठाऊक नाही. काम मिळालं म्हणून पेन्शन बंद झाली, एवढंच कळू दे तिला.”

“अरे, बायकोपासून कसली चोरी?”

शिवाने पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

“लग्नाला अठरा वर्षं झाली. तिने कधी माझं नाव घेतलं नाही,” तो म्हणाला. “आता मला ऐकू येत नाही म्हणून रोज जात्यावर माझं नाव घालून ओव्या गाते.”