तीन मुठी मका

"किती बुडबुडे होते आज?" उशीला टेकून बसलेल्या घड्याळजीने विचारलं.

"सात-आठ तरी असतील," बायको म्हणाली. स्टुलावर बसता बसता तिने गालावरून पुन्हा एकदा हात फिरवला. "दगडाच्या डाव्या अंगाला. चांगले मोठे होते."

"वा," म्हणत त्याने समाधानाने डोळे मिटले.

ती तळ्यावर गेलीच नव्हती. गेले सोळा दिवस ती तिकडे फिरकलीसुद्धा नव्हती.

घड्याळजीला दवाखान्यात दाखल होऊन महिना होत आला होता. आज ताप, उद्या साखर, परवा डॉक्टर रजेवर, असं करत ऑपरेशनची तारीख पुढे पुढे सरकत होती. बायको पहाटे चारला बेकरीत पाव भरायला जायची, बाराला सुटायची आणि तडक वॉर्डात यायची. मग रात्री नर्सने हाकलेपर्यंत स्टूल सोडायची नाही. पाय सुजून चपलेत मावेनासे झाले होते. "घरी जा, घटकाभर आडवी हो," हे सांगून सांगून तो दमला. "मी इथे बरी आहे," हे तिचं ठरलेलं उत्तर. हट्टाच्या बाबतीत ती त्याला कधीच हार गेली नव्हती.

मग एके दिवशी त्याने तळ्याचा विषय काढला. तीस वर्षं दर सुट्टीला तो तळ्याकाठच्या एकाच दगडावर बसून कार्प मासे धरायचा. हलकी काठी, केसासारखा बारीक दोरा आणि गळाला उकडलेल्या मक्याचा एकच दाणा. धरलेला मासा तो वजन करून परत पाण्यात सोडायचा. मासा कढईपर्यंत काही पोचायचा नाही, आणि त्यावरून तिनेही तीस वर्षं त्याला यथेच्छ ऐकवलं होतं.

"माझी जागा मोडेल गं," तो म्हणाला. "रोज चारा पडला नाही की मासे जागा सोडून जातात. चार वाजता तीन मुठी मका टाकून येत जा. एक मूठ टाकली की वीस मिनिटं थांबायचं, मग दुसरी. घाई करायची नाही. बुडबुडे आले तर समजायचं, खाली मासे चरताहेत."

आजारी माणसाला नाही कसं म्हणायचं? पहिले चार दिवस ती इमानेइतबारे गेली. गार दगडावर कुडकुडत तासभर बसली. एक बुडबुडा दिसेल तर शपथ. तसं तिने येऊन सांगितलंही. पाचव्या दिवशी मका घ्यायला म्हणून घरी गेली, जरा सोफ्यावर टेकली आणि जागी झाली तेव्हा पाच वाजून गेले होते. धावतपळत वॉर्डात आली आणि तोंडातून निघून गेलं, "आज दोन दिसले."

त्या दिवशी तो ताटातलं सगळं जेवला. मग काय, रोजचंच झालं. चार वाजता ती सोफ्यावर पडायची, मेल्यासारखी झोपायची आणि येताना बुडबुडे घेऊन यायची. सोफ्याचं कापड जाडंभरडं होतं. त्याची जाळी गालावर उठायची. वॉर्डाचे तीन जिने चढताना ती गाल चोळत राहायची.

सात-आठ बुडबुड्यांच्या त्या संध्याकाळी डॉक्टर येऊन सांगून गेले, ऑपरेशन परवा सकाळी.

तिला रात्रभर चैन पडलं नाही. तो बरा होऊन दगडावर बसला आणि गळाला काहीच लागलं नाही तर? खरं तर तो तळ्यावर परत जाईल की नाही, याचीच तिला धास्ती होती. पण त्या धास्तीकडे बघायचं बळ उरलं नव्हतं, म्हणून ती माशांची काळजी करत होती. खोटं बोलून त्याला ऑपरेशनला पाठवायचं नाही, एवढं मात्र तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती तळ्यावर गेली. काठावर चिटपाखरू नव्हतं. तिने पहिली मूठ टाकली. तेवढ्यात मफलर गुंडाळलेला एक म्हातारा फिरत फिरत आला. निवृत्त पोस्टमन, घड्याळजीचा तळ्यावरचा जुना जोडीदार.

"वहिनी, हे काय करताय?"

"चारा टाकतेय. यांची जागा मोडू नये म्हणून."

"या थंडीत?" पोस्टमन चक्रावला. "अहो, थंडीत हे मासे तळाशी गप पडून असतात. तोंडसुद्धा उघडत नाहीत. ऊन तापेपर्यंत आम्ही कुणी इकडे काठी आणत नाही."

"यांना ठाऊक नसेल."

"त्यांनीच तर मला शिकवलं."

तो निघून गेला. ती मक्याची पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. दोन बुडबुडे, पाच बुडबुडे, सात-आठ, डाव्या अंगाला, चांगले मोठे. एकूण एक खोटे, आणि त्या माणसाने ते ऐकून रोज 'वा' म्हटलं होतं. तिला आधी लाज वाटली, मग संताप आला. इथे आपण पाय ओढत जगतोय आणि हा पडल्या पडल्या आपली मजा बघतोय? उरलेला मका तिने एकदमच पाण्यात ओतला.

तीन जिने ती दाणदाण चढली. आज गाल चोळायचं काही कारण नव्हतं.

"किती बुडबुडे?" घड्याळजीने विचारलं.

"एकही नाही," ती उभ्या उभ्याच म्हणाली.

घड्याळजीने उशीखालून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. बिघडलेलं घड्याळ न्याहाळावं तसा आधी तिचा डावा गाल बघितला, मग उजवा. दोन्ही कोरे होते.

"म्हणजे आज झोपली नाहीस तू," तो म्हणाला.